मोठ्या कंपन्या कार्बन कसा मोजतात: रबाळ्याहून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न असा आहे: "रबाळे एमआयडीसीत आमचा नट-बोल्ट बनवायचा छोटा कारखाना आहे, पस्तीस-चाळीस माणसं. ज्या मोठ्या कंपनीला आम्ही माल देतो तिच्याकडून चौदा पानांचा फॉर्म आलाय. वर्षभराची वीज, डिझेल, कच्चा माल, वाहतूक, सगळं विचारलंय आणि 'स्कोप १, २, ३' भरायला सांगितलंय. त्याच कंपनीच्या वार्षिक अहवालात 'उत्सर्जनात अकरा टक्के घट' असं छापलंय. हे लोक ते मोजतात तरी कसं? ते खरं मानायचं का? आणि मी काय भरू?"

तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून पहिल्यापासून सांगतो. वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंतच्या पट्ट्यात मी बावीस वर्षं काम करतोय. सुरुवातीची आठ वर्षं युटिलिटी विभागात बॉयलर आणि कॉम्प्रेसर सांभाळले. तेव्हापासून कंपन्यांचे कार्बनचे हिशेब बनवणं आणि दुसऱ्यांनी बनवलेले तपासणं हेच काम आहे.

बहुतेकांना वाटतं की कारखान्याच्या धुराड्यावर यंत्र बसवलेलं असतं आणि ते कार्बन मोजतं. मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांच्या धुराड्यांवर यंत्रं असतात हे खरं, पण ती धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतात आणि आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवतात. अहवालातला कार्बनचा आकडा तिथून येत नाही. तो येतो हिशेबाच्या फायलीतून: वर्षभरात किती लिटर डिझेल जळलं, किती युनिट वीज आली, किती किलो गॅस भरला. या प्रत्येकाला ठरलेल्या गुणांकाने (एका लिटरमागे किंवा युनिटमागे किती किलो उत्सर्जन, तो आकडा) गुणायचं आणि बेरीज करायची. गणित सातवीतल्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. अवघड आहे ते गुणाकाराच्या आधीचं: कागद खरे आहेत का, आणि कोणते कागद फायलीत आलेच नाहीत.

पद्धत जगभर साधारण एकच वापरली जाते, ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या दोन संस्थांनी ती २००१ मध्ये आणली, २००४ मध्ये सुधारली. 'स्कोप' ही भाषा तिथली. तुमच्या कारखान्याच्या आत जे जळतं किंवा गळतं ते स्कोप १: जनरेटरचं डिझेल, भट्टीचा गॅस, कंपनीच्या टेम्पोचं इंधन, एसीतून गळालेला गॅस. बाहेरून विकत घेतलेली वीज किंवा वाफ म्हणजे स्कोप २. बाकी सगळं स्कोप ३: कच्चा माल बनताना झालेलं उत्सर्जन, भाड्याचे ट्रक, कामगारांचं येणं-जाणं, तुमचा माल पुढे वापरला जातो ते, शेवटी भंगारात जातो ते. स्कोप ३ चे पंधरा प्रकार २०११ मध्ये ठरवले गेले.

वायू एकटा कार्बन डायऑक्साइड नसतो. मिथेन, नायट्रस ऑक्साइड, एसीतले फ्लोरिनयुक्त वायू, उच्चदाब स्विचगिअरमधला सल्फर हेक्साफ्लोराइड, असे सात प्रकार धरले जातात. प्रत्येकाची उष्णता धरून ठेवायची ताकद वेगळी, म्हणून सगळे एका मापात आणतात आणि त्याला कार्बन डायऑक्साइड समतुल्य म्हणतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन २८ पट धरला जातो, सल्फर हेक्साफ्लोराइड तर २३,५०० पट. हे आकडे आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ-समितीच्या, पाचव्या अहवालातले. कोणी चौथ्या अहवालातले वापरतं, कोणी सहाव्यातले, म्हणून दोन कंपन्यांची तुलना करण्याआधी हे तपासावं.

आता तुमच्याच कारखान्याचा हिशेब मांडून बघू. तुमचे खरे आकडे मला माहीत नाहीत, पण तुमच्याएवढ्या कारखान्याचे साधारण असे असतात. वीज महिन्याला ४०,००० युनिट म्हणजे वर्षाला ४,८०,०००. ग्रिडच्या विजेचा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी जाहीर करतं. २०२३-२४ साठी तो युनिटमागे ०.७२७ किलो होता. गुणाकार केला की ३४९ टन. जनरेटरला वर्षाला ६,००० लिटर डिझेल, लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे १६ टन. स्वतःचं झालं ३६५ टन. आता कच्चा माल. वर्षाला ५०० टन वायर रॉड (बोल्टसाठी लागणारी पोलादाची जाड तार) घेत असाल आणि पोलाद मंत्रालयाने २०२४ मध्ये दिलेली देशाची सरासरी, टनामागे २.५४ टन, धरली तर एकट्या पोलादाचे १,२७० टन. तुमच्या सगळ्या विजेच्या आणि डिझेलच्या साडेतीन पट. म्हणजे तुमच्या बोल्टमधला बहुतेक कार्बन तुमच्या गेटच्या आत यायच्या आधीच झालेला असतो.

मोठ्या कंपन्यांचंही हेच असतं. म्हणून तर त्या तुम्हाला फॉर्म पाठवतात. तुमचा स्कोप १ आणि २ हाच त्यांच्या स्कोप ३ चा तुकडा आहे.

पुढे जायच्या आधी विजेबद्दल एक बारकी गोष्ट. २०२२-२३ साठी ग्रिडचा गुणांक ०.७१६ होता, पुढच्या वर्षी तो ०.७२७ झाला. म्हणजे तुम्ही एक युनिटही जास्त न वापरता तुमचं उत्सर्जन पाच टनांनी वाढलेलं दिसलं असतं, आणि जी कंपनी जुनाच गुणांक वापरत राहिली तिचं वाढलेलं दिसलं नसतं. अहवालात गुणांकाचं वर्ष लिहिलेलं असतं, लहान अक्षरात का होईना.

महावितरणची उच्चदाब जोडणी असेल तर आणखी एक सांभाळा. २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर (ग्रिडमधून ओढलेली एकूण वीज) आकारणी होते, त्यामुळे बिलावर दोन आकडे दिसतात. उत्सर्जनासाठी केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेले युनिट, तो आकडा घ्यायचा. अकाउंट्सवाले पैशांचा आकडा ज्यावर निघाला तोच उचलतात, आणि पॉवर फॅक्टर खराब असेल तर फरक चांगलाच पडतो. छपरावर सोलर असेल तर तिसरी गंमत असते: नेट मीटरिंगच्या बिलात उरलेले युनिट दिसतात, छपरावर बनून आतच वापरलेले दिसत नाहीत. त्यांचं उत्सर्जन शून्य धरतात, पण एकूण वापरलेल्या ऊर्जेत ते मोजायलाच हवेत, आणि त्यासाठी सोलर मीटरचं रीडिंग वेगळं ठेवावं लागतं.

कागदांचं म्हणतोय त्यात किती दम आहे ते दोन प्रसंगांवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या कारखान्याचा हिशेब तपासायला गेलो होतो. कागदावर जनरेटरचं डिझेल वर्षाला ४,१०० लिटर. लॉगबुक स्वच्छ, सह्या जागेवर. मी जनरेटरच्या खोलीत गेलो, तिथल्या ऑपरेटरबरोबर पॅनेलवरचं अवर मीटर वाचलं आणि त्याच्या वहीतलं गेल्या एप्रिलचं रीडिंग वजा केलं. ३१२ तास निघाले. २५० केव्हीएचा सेट, निम्म्याहून थोड्या जास्त लोडवर चालणारा, तासाला ३४ लिटरच्या आसपास पितो. म्हणजे दहा हजार लिटरच्या वर जायला हवं होतं. बाकीचं गेलं कुठे? ऑपरेटर साधा माणूस, त्याने लगेच सांगितलं, "साहेब, टँकर येतो ते वहीत लिहितो. देखभालीसाठी लाइट जाते त्या दिवशी कमी पडलं की ड्रम मागवतात, ते स्टोअरवाले बघतात." स्टोअरमध्ये ड्रमची बिलं पेटी कॅशच्या व्हाउचरला टाचलेली होती आणि खर्च 'मेंटेनन्स मटेरियल' या खात्यात पडला होता. कुणी लपवलं नव्हतं. फक्त ती व्हाउचर्स कार्बनचा तक्ता भरणाऱ्या मुलीपर्यंत कधी पोचलीच नव्हती. सहा हजारांहून जास्त लिटर, म्हणजे सतरा टनांच्या आसपास. त्या दिवसापासून मी लॉगबुकाआधी अवर मीटर बघतो.

दुसरा प्रसंग ऐरोलीतल्या एका ऑफिस इमारतीचा. ऑफिसात काय जळतं, असं सगळ्यांना वाटतं. तिथल्या बिलांच्या गठ्ठ्यात दर उन्हाळ्यात एक ओळ यायची: "एसी गॅस चार्जिंग, १ जॉब". किलो नाही, गॅसचं नाव नाही. मी मे महिन्यात एसीवाला आला त्या दिवशी गच्चीवर थांबलो. त्याच्याकडे आर-४१०ए या एसीतल्या गॅसचं गुलाबी सिलिंडर होतं. इमारतीच्या वॉचमनने शेजारच्या भंगारवाल्याकडून हुकाचा काटा आणून दिला. भरण्याआधी सिलिंडर १३.९ किलो, भरल्यावर ९.७. चार किलो दोनशे ग्रॅम. जेवढा भरावा लागला तेवढा हवेत गळून गेला होता, कारण बंद नळ्यांतला गॅस आपोआप संपत नाही. आर-४१०ए ची ताकद १,९२४ पट. म्हणजे आठ टन. तीन हजार लिटर डिझेल जाळल्यावर जेवढं होईल तेवढं, एका दुपारी, एका मशीनमधून, आणि त्या कंपनीच्या अहवालात या रकान्यात आधीची तीन वर्षं शून्य होतं. जुन्या एसीत आर-२२ असतो. तो ओझोनच्या करारात येतो म्हणून स्कोपच्या बेरजेबाहेर वेगळा दाखवायचा असतो. बरेच जण म्हणूनच तो दाखवतही नाहीत, जे चूक आहे. तुर्भ्याकडच्या शीतगृहांत अमोनिया असतो, त्याची तापमानवाढीची ताकद शून्य धरली जाते. तिथे गळतीचा धोका माणसांच्या फुप्फुसाला आहे, कार्बनच्या तक्त्याला नाही.

मोठ्या कंपनीत हे काम चालतं कसं? प्रत्येक कारखान्यात, गोदामात, ऑफिसात एक माणूस नेमलेला असतो. बहुतेकदा तो सुरक्षा विभागातला किंवा युटिलिटीचा इंजिनिअर असतो आणि हे त्याचं चौथं-पाचवं काम असतं. तो दर महिन्याला ठरलेला तक्ता भरतो किंवा सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकतो. मुख्य कार्यालयातली दोन-चार माणसं ते गोळा करतात, मागच्या महिन्याशी ताडून बघतात, एखाद्या ठिकाणचं डिझेल अचानक हजारपट दिसलं तर फोन करतात. दहापैकी आठ वेळा किलोलिटरच्या जागी लिटर टाकलेलं असतं. मार्च संपला की धावपळ सुरू होते, कारण मार्चचं बिल एप्रिलमध्ये येतं, आणि वार्षिक अहवालाच्या तारखा ठरलेल्या असतात.

हे सगळं कायद्याने कुणाला करावं लागतं? शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल आणला, लोक त्याला बीआरएसआरच म्हणतात. २०२२-२३ पासून तो सक्तीचा झाला. त्याच्या नऊ तत्त्वांपैकी सहावं पर्यावरणाचं: ऊर्जा, पाणी, हवेतलं प्रदूषण, हरितगृह वायू, कचरा. स्कोप १ आणि २ देणं बंधनकारक, स्कोप ३ ऐच्छिक. २०२३ मध्ये त्यातले निवडक निकष काढून 'बीआरएसआर कोअर' केला आणि ते बाहेरच्या त्रयस्थाकडून तपासून घेणं टप्प्याटप्प्याने लागू केलं: २०२३-२४ ला पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, ५००, आणि २०२६-२७ ला १,०००. पुरवठादारांची माहिती देण्याचाही त्यात भाग होता. २०२५ मध्ये सेबीने तो भाग ऐच्छिक केला आणि खरेदी-विक्रीचा दोन टक्के किंवा जास्त वाटा असलेल्यांपुरता ठेवला. म्हणजे तुम्हाला आलेला फॉर्म सेबीच्या धाकाने आलाय असं समजून घाबरू नका. तो बहुधा कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या उद्दिष्टामुळे किंवा तिच्या युरोपातल्या गिऱ्हाइकामुळे आलाय.

युरोपचं तुम्ही विशेष लक्षात घ्या. सीबॅम म्हणतात तो सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून पुऱ्या अर्थाने लागू झाला, आणि पोलादाच्या वस्तूंत नट-बोल्ट-स्क्रूसुद्धा आहेत. तुमचा माल थेट किंवा तुमच्या गिऱ्हाइकामार्फत न्हावा शेव्याहून युरोपला जात असेल, तर पोलाद कोणत्या कारखान्यातून आलं हा प्रश्न येणारच. लोहखनिजापासून ब्लास्ट फर्नेसमध्ये बनलेलं पोलाद आणि भंगार वितळवून बनवलेलं पोलाद यांच्या आकड्यांत कितीतरी पटींचा फरक असतो. वायर रॉडबरोबर येणारं मिल टेस्ट सर्टिफिकेट, ज्यावर हीट नंबर (पोलादाच्या त्या ओतणीचा क्रमांक) असतो, ते लॉटप्रमाणे फाइल करून ठेवा. माल ट्रेडरकडून घेत असाल तर त्याच्याकडे हट्टाने मागा.

आता 'अकरा टक्के घट'. ती खरी असू शकते. मी असे कारखाने पाहिलेत जिथे हवेच्या लाइनच्या गळत्या बंद केल्या, जुन्या मोटरी बदलल्या, भट्टीच्या धुरातल्या उष्णतेने पाणी तापवलं आणि आकडा प्रामाणिकपणे खाली आला. पण घट दिसण्याचे इतरही रस्ते आहेत, आणि ते सगळे नियमात बसतात. म्हणून अहवाल हातात आला की मी कोणत्या क्रमाने वाचतो ते सांगतो.

पहिल्यांदा हद्द. अहवालाच्या सुरुवातीलाच लिहावं लागतं की माहिती एकट्या कंपनीची आहे की उपकंपन्या धरून. एखाद्या समूहाचा धूर ओकणारा कारखाना उपकंपनीच्या नावावर असेल आणि अहवाल फक्त मूळ कंपनीचा असेल, तर तो कारखाना त्या पानावर अस्तित्वातच नाही. मग बाहेर दिलेली कामं. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या: हीट ट्रीटमेंटची भट्टी आत असेल तर तिचा गॅस स्कोप १. उद्या भट्टी बंद करून तेच काम शेजारच्या गाळ्यात जॉबवर्कला दिलं की स्कोप १ धाडकन खाली येतो. गॅस तेवढाच जळतो, पन्नास मीटर पलीकडे. स्कोप ३ छापला नसेल तर ही घट म्हणजे नुसता पत्ता बदलणं आहे. तुमच्याकडच्या फॉर्ममुळे अशा गोष्टी उघड होतात, म्हणून मला हे फॉर्म त्रासदायक असूनही महत्त्वाचे वाटतात.

त्यानंतर बघतो की घट कशाची आहे, एकूण टनांची की तीव्रतेची. तीव्रता म्हणजे रुपयाच्या उलाढालीमागे किती टन. बोल्टचे भाव दहा टक्क्यांनी वाढले, माल तेवढाच गेला, वीज तेवढीच लागली, तरी तीव्रता नऊ टक्क्यांनी घटते. भाव वाढल्याने हवेत काही फरक पडत नाही. सेबीच्या तक्त्यात उत्पादनाच्या टनामागचा आकडाही मागितलेला आहे, तो वाचावा. आणि वातावरणाला शेवटी एकूण टनच कळतात.

मग स्कोप २. हा मला सगळ्यात समजावून सांगावासा वाटतो, कारण महापे-रबाळ्यातल्या डेटा सेंटरांपासून ऐरोलीच्या आयटी पार्कपर्यंत बहुतेकांचा मोठा आकडा हाच असतो. २०१५ पासून तो दोन पद्धतींनी द्यायचा असतो. एकीत तुम्ही ज्या ग्रिडवर आहात तिचा सरासरी गुणांक लावायचा. दुसरीत तुम्ही कोणती वीज 'विकत' घेतली ते बघायचं: पवनचक्कीशी करार, महावितरणचा हरित वीजदर, किंवा नुसती हरित विजेची प्रमाणपत्रं. तुमच्या सोसायटीच्या टाकीत महापालिकेचं पाणी आणि टँकरचं पाणी एकत्र पडतं असं समजा. महापालिकेचं बिल तुम्ही एकट्याने भरलंत म्हणून तुमच्या नळाला वेगळं पाणी येत नाही, पण तुमच्या पैशामुळे त्या टाकीत चांगलं पाणी जास्त पडू लागलं असेल तर तुमचा दावा रास्त आहे. तसंच विजेचं. नवा सौर प्रकल्प ज्या दीर्घ कराराच्या भरवशावर उभा राहिला, तो करार करणारी कंपनी आणि आधीच चालू असलेल्या प्रकल्पाची प्रमाणपत्रं मार्चअखेरीस स्वस्तात घेणारी कंपनी, दोघींचाही स्कोप २ कागदावर शून्य दिसू शकतो. मी त्यांना एका पंगतीत बसवत नाही. म्हणून दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी-शेजारी छापलेत का ते बघतो. एकच छापला असेल तर दुसरा मागतो.

विकत घेतलेले कार्बन क्रेडिट (दुसऱ्या कुणीतरी वाचवलेल्या उत्सर्जनाचं श्रेय) बेरजेतून वजा करायचे नसतात, ते वेगळे दाखवायचे असतात. 'कार्बन न्यूट्रल'चा शिक्का मारलेलं पाकीट दिसलं की हे आठवा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणी दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दाव्याला पुरावा द्यावा लागतो.

शेवटी तपासणीचं प्रमाणपत्र. ते दोन दर्जांचं असतं. मर्यादित खात्रीचं म्हणजे "आम्हाला काही वावगं आढळलं नाही", आणि वाजवी खात्रीचं म्हणजे "आम्ही खोल जाऊन बघितलं, आकडा बरोबर आहे". दुसऱ्यासाठी तपासनीस कारखान्यात येतो, दोन-तीन महिने निवडतो आणि अहवालातल्या आकड्यापासून मूळ बिलापर्यंत उलटा चालत जातो. मागच्या वर्षीचा आकडा या वर्षीच्या अहवालात बदललेला दिसला तर लगेच वाईट समजू नका. चूक सापडली, एखादा कारखाना विकला किंवा घेतला, तर जुना आकडा सुधारावाच लागतो. कारण लिहिलंय का ते बघा. जी कंपनी स्वतःची चूक कबूल करून आकडा वर नेते, तिच्या पुढच्या घटीवर मी जास्त विश्वास ठेवतो.

पाणी आणि कचऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण फॉर्ममध्ये तेही असणार. पाणी स्रोताप्रमाणे द्यायचं: एमआयडीसीचं किती, बोअरचं किती, टँकरचं किती. टँकरची पावती ठेवा, नाहीतर तो रकाना अंदाजाने भरला जातो. घातक कचऱ्याचे आकडे तुम्ही प्रदूषण मंडळाला वार्षिक विवरणात देताच, आणि ३० सप्टेंबरपर्यंत फॉर्म ५, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र, भरता. गिऱ्हाइकाच्या फॉर्ममध्ये त्याच्याशी जुळणारे आकडे द्या. दोन ठिकाणी दोन आकडे गेले की तपासनीस पहिला तिथेच बोट ठेवतो.

आणि एक गोष्ट या भागात राहणारा माणूस म्हणून बोलतो. कार्बनचा आकडा कमी झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही. कोपरखैरणे, घणसोली, पावणे भागात रात्री जो उग्र वास येतो तो रसायनांच्या वाफांचा. कार्बनच्या तक्त्यात त्याला जागाच नाही. खाडीत काय सोडलं जातं तेही तिथे दिसत नाही, आणि हिवाळ्यात त्याच ठाणे खाडीत रोहित पक्षी येऊन चरतात. अहवाल वाचताना सहाव्या तत्त्वातली हवेतल्या प्रदूषणाची, सांडपाण्याची आणि मंडळाच्या नोटिसांची माहितीही वाचा. बातम्यांत कार्बनच येतो, शेजाऱ्याच्या छातीत दुसरंच काही जातं.

तुम्ही काय भरायचं? विजेची बारा बिलं, डिझेलची सगळी बिलं पेटी कॅशवाल्यांसकट, गॅसचं काही असेल तर ते, आणि तुमच्या स्वतःच्या टेम्पोचं इंधन. यावरून स्कोप १ आणि २ एका दुपारी निघतो. कोणता गुणांक, कोणत्या वर्षाचा, ते शेजारी लिहा. वायर रॉड किती टन, कोणत्या मिलचा, तेवढं द्या; त्याचं उत्सर्जन तुम्ही काढू नका, ते काढायला कंपनीकडे माणसं आहेत. तुमचा सगळा माल या एकाच कंपनीला जात नसेल तर तिच्या वाट्याचं उत्सर्जन वजनाच्या प्रमाणात काढा आणि तसं नमूद करा, नाहीतर तुमचे पूर्ण ३६५ टन तिच्याही खात्यात जातील आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्याही. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेर देत असाल तर जॉबवर्करचं नाव आणि वर्षाला किती टन माल पाठवला ते लिहा. जिथे माहिती नाही तिथे 'नोंद ठेवलेली नाही, या वर्षीपासून ठेवत आहोत' असं लिहा. मी तपासनीस म्हणून बसतो तेव्हा अशा रिकाम्या रकान्याने मला कधीच त्रास झालेला नाही. त्रास झालाय तो ५,००० आणि १०,००० अशा गोल आकड्यांनी.

फॉर्म भरायला तुमच्या अकाउंट्सच्या माणसाला आणि जनरेटर चालवणाऱ्याला एका टेबलाशी बसवा, पंधरा मिनिटं पुरतात. आणि या उन्हाळ्यात एसीवाला आला की त्याला सिलिंडर आधी आणि नंतर काट्यावर ठेवायला सांगा, बिलावर गॅसचं नाव आणि किलो लिहून घ्या. काही जण कुरकुर करतील, पण सांगितलं की लिहून देतात.